कुंपणाजवळची पिल्लं

फार हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. आणि जितेंद्र तर उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच हसायचा. माणिकपूरच्या फ्लॅटमधला पोरगा, कमरेला मोबाईल, तोंडात साखर. माझ्या सुजयनं नोकरी सोडली, याच्या भागीदारीत सातिवलीला गाळा घेतला आणि दोघं मशीनवर सुकेळी करायला लागले, तेव्हाच मी स्वतःला बजावलं, लीला, डोळे उघडे ठेव.

सुकेळी आम्ही आजवर उन्हातच केली. पिकली राजेळी केळी सोलायची, मांडवावर वाळवायची, संध्याकाळी वाळक्या पानांत गुंडाळायची. मशीनमध्ये ती भर पावसातही होतात, चवही वाईट नाही मेल्यांची! पण केळं लागतं राजेळीच, आणि ती आता राहिली होती फक्त आमच्या वाडीत. बिल्डर रोज गाडी घेऊन दारात यायचा. वाडी माझ्या नावावर, आणि गाळ्याला केळी इथूनच जातात म्हटल्यावर सुजयही विकायचं नाव काढत नव्हता.

एकदा जेवताना जितेंद्र म्हणाला, "काकू, राजेळीची पिल्लं दुसरीकडेही लावली तर माल वाढेल."

मी मनात म्हटलं, दुसरीकडे राजेळी झाली तर आमच्या वाडीला विचारतो कोण? सुजय मान खाली घालून कालवण ओरपत होता. भोळा सांब माझा!

दुसऱ्या दिवशी मी भाजीच्या केळीची पिल्लं, बुंध्याशी फुटलेले कोंब, खणून काढली आणि कुंपणाजवळ रांगेत लावली. मग दोघांना चहा देताना गोड आवाजात सांगितलं, "राजेळीची पिल्लं कुंपणाजवळ लावलीत. हात लावाल तर खबरदार." कोवळ्या पिल्लावरून जात ओळखायला डोळा लागतो. या दोघांनी जन्मात कुदळ धरली नव्हती.

आठवडा गेला नाही तोच पिल्लं गायब. नुसते खड्डे!

जितेंद्र आला तसा मी त्याला ओट्यावरूनच झाडला. "चोराला आमच्याकडे चहा मिळत नाही."

त्याचं हसू मावळलं. "मी नाही घेतली, काकू," एवढंच म्हणाला. सुजय शेजारीच उभा होता. मित्रासाठी त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला लाज वाटली असेल.

जितेंद्रचं घरी येणं बंद झालं. गाळा चालूच होता. मी वाट बघत राहिले. केळ व्याली, घड धरला की जात लपत नाही.

पुढल्या वर्षी गणपती आटोपल्यावर एका दुपारी सुजय तणतणत घरात शिरला.

"आई, कुंपणाजवळची राजेळी म्हणालीस ना? मनोरला जागा भाड्यानं घेतली, खत घातलं, माणसं लावली, आणि घड आले भाजीच्या केळ्यांचे! बिल्डरला आता काय सांगू?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

अगं आई गं! परक्याच्या पोरावर डोळा ठेवून बसले मी, आणि राजेळी मनोरला हलवून वाडीचा सौदा माझ्याच पोटचा पोर करत होता. पण रडले नाही. उठले आणि जितेंद्रला फोन लावला.

"काकू बोलतेय. चुकलं माझं, बाबा. आत्ता ये, चहा टाकतेय."

सुजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी आधण ठेवलं, दोनच कपांचं.