संगीत विरहविजय, मूकपट

“भारतीय चित्रपटाच्या इतिहासात माझ्या पणजोबांचं स्थान अढळ आहे,” रणजित खांबेटे माइकवरून म्हणाला.

“मग सापडत का नाही ते?” पहिल्या रांगेतून शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या. रणजितच्या बायकोनं, नंदानं, त्यांना ओढूनच आणलं होतं.

रणजितचं बुधवार पेठेत स्पीकर दुरुस्तीचं दुकान. पणजोबा दामोदरपंतांनी शंभरेक वर्षांपूर्वी ‘संगीत विरहविजय’ या गाजलेल्या नाटकाचा चित्रपट काढला. चित्रपट तेव्हा मुके होते. तेवढ्यासाठी पंतांनी एकही पद गाळलं नाही. पुण्याचे रसिक अर्ध्यातच उठले ते परत आले नाहीत. ‘लोक शेवटपर्यंत बसले असते तर!’ हा सुस्कारा खांबेट्यांच्या घरात वारसाहक्कानं चालत आला होता. संग्रहालयात फिल्म सापडल्यावर रणजितनं प्रत मिळवली आणि सदाशिव पेठेत हॉल घेतला. एकदा तरी लोकांनी शेवट बघावा, एवढीच त्याची इच्छा. घरी त्यानं स्वतः प्रयत्न केला होता. पण दुकानातून दमून आलेला माणूस आणि समोर इतकी शांतता! झोप लागायची.

पडद्यावर नायकानं तान घेतली. गळ्याची शीर फुगली. पद संपलं. त्यानं नमस्कार केला आणि तेच पद पुन्हा धरलं.

“अहो, हे काय?” नंदा कुजबुजली.

“वन्स मोअर. नाटकात हमखास मिळायचा. पंतांनी तोही घेतलाय.”

“न मागता?”

“खात्री होती त्यांना.”

मध्यंतरात रणजित दारातच उभा राहिला. द्वारकाबाईंनी पिशवी उचलली, तसा त्याचा चेहरा उतरला.

“निघालात?”

“छे! पाठीला टेकू म्हणून घेतेय. त्या मेल्याचं लग्न होतंय की नाही, ते बघितल्याशिवाय हलायची नाही मी.”

कुणीच हललं नाही. उत्तरार्धात तर मागे कुणीतरी खुर्चीच्या हातावर ठेका धरला. नायिका खिडकीत आली. नायकाचा घोडा फाटकाशी पोचला आणि पडदा पांढरा झाला.

रणजितनं लॅपटॉपवर फाइल मागेपुढे करून बघितली. मग संग्रहालयातल्या शेफालीला फोन लावला.

“मॅडम, शेवट राहिला वाटतं तुमच्याकडे.”

“नाही हो सर. तो शूटच झालेला नाही. कच्ची फिल्मच संपली असणार त्यांची. मला वाटलं, तुम्ही बघितला असेल.”

रणजितनं फोन खिशात ठेवला. सगळे शेवटाची वाट बघत पडद्यासमोर बसून होते. हॉल आठपर्यंतच मिळाला होता.