बाबांची नवी ड्यूटी

आमच्या घरात एका बाईने कामावर जायचं तर दुसरीने घरी बसायचं, हा नियम कोणी केला कोण जाणे, पण माझ्या नवऱ्याला तो तोंडपाठ होता. माझी बाळंतपणाची रजा संपत आली आणि चष्म्याच्या कारखान्यातून ‘कधी येताय?’ अशी विचारणा सुरू झाली. मोबाइलवरची नजरही न काढता नवरा म्हणाला, “त्यात काय, आई सोडेल की नोकरी!”

सासूबाई गणवेश शिवण्याच्या कारखान्यात होत्या. निवृत्तीला अजून चार वर्षं होती आणि त्यांचा जीव त्या शिलाई मशीनवर होता. “सोडते,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मला आधी भडभडून आलं आणि मग संताप आला. कारण समोरच्या खुर्चीत, पेपरामागे, एक धडधाकट माणूस दोन महिन्यांपासून रिकामा बसला होता. माझे सासरे. बॉयलरवर जन्म काढून निवृत्त झालेले. आता घरातले नळ पिळून पिळून सैल करत होते.

“बाबा, तुम्ही सांभाळाल का बाळाला?”

पेपर खाली आला. “मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“बॉयलरचं काय आईच्या पोटातून शिकून आला होतात?” सासूबाईंनी विचारलं. हा आवाज मुळीच बारीक नव्हता.

बाबांनी डोकं खाजवलं. “आधी शिकाऊ म्हणून राहतो. मग बघू.”

लंगोट बदलायला ते पहिल्या दिवशी बॉयलरचे हातमोजे घालून आले. पण शिकले, मन लावून शिकले. नवरा मात्र म्हणायचा, “हात टेकतील बघ. आई आहेच मग.” सासूबाईंनीही कामावर सांगून ठेवलं होतं, की घरी जमलं नाही तर सोडते.

मी कामावर रुजू झाले त्या संध्याकाळी धावतपळत घरी आले, तर नवरा दारातच गाल फुगवून उभा. “बाबा मला माझ्याच पोरीला हात लावू देत नाहीत!”

“ड्यूटी संपली की चार्ज ज्याला काम येतं त्याच्याकडेच द्यायचा असतो,” बाबा पाळण्याजवळून हलले नाहीत. “याला बाटलीसुद्धा उकळता येत नाही. सूनबाई, ऐक. दूध तीनदा. शी एकदा, समाधानकारक. दुपारी पोटात दाब वाढला होता, ढेकर काढल्यावर उतरला.”

मला हसू आवरेना. तेवढ्यात सासूबाई कामावरून आल्या आणि पाळण्यात डोकावल्या.

नवरा हार मानणाऱ्यातला नव्हे. “ठीक आहे. पण रविवारी तुम्हाला सुट्टी नको का? रविवारी आई घरीच असते.”

“रविवारी तिलाही सुट्टी,” बाबा म्हणाले. “रविवारी तू. उद्यापासून शिकाऊ.”

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. “मला? सुट्टी?”

जेवणाची वेळ टळली तरी त्या उठल्या नाहीत, आणि उठा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.