पंपाच्या नळीचं तोंड

शेजारच्या शिलाईबाई पडल्या त्या सकाळी सगळ्यांत आधी धावून गेल्या त्या सिस्टर. पायात घरातल्या सपाता, अंगावर नवऱ्याचा कोट, केस अर्धे विंचरलेले. दोन घरांमधल्या बोळात, मागच्या पायरीखाली शिलाईबाई बसल्या होत्या. उजवा हात पोटाशी धरलेला, तोंडातून आवाज नाही. सिस्टरांनी मनगट बघितलं आणि त्यांना कळलं, हाड मोडलंय. ते पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखं वाकडं झालं होतं.

"तुमची कापड मोजायची लाकडी पट्टी आण गं," त्यांनी शिलाईबाईंच्या सुनेला सांगितलं. "आणि दोन ओढण्या, नाहीतर जुनी चादर. पळ."

सून पळाली. पट्टी आली, चादर फाडली गेली. चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या हातांनी पाच मिनिटांत हात बांधून गळ्यात अडकवला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी गल्ली अजून त्यांना सिस्टरच म्हणायची. तोवर चार माणसं जमली. "सिस्टर होत्या म्हणून बरं," असं कोणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

सिस्टर शेवटची गाठ मारत होत्या, पण त्यांचे डोळे जमिनीवर होते. पायरीखालून बर्फाची एक चकचकीत पट्टी निघाली होती. बोळ ओलांडून ती सरळ त्यांच्याच भिंतीपाशी, पंपाच्या पेटीखाली जात होती.

तो पंप त्यांच्या घरी गेल्या शरदात आला होता. त्यांचे यजमान तीस वर्षं बस चालवत होते, आणि यंत्र म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. गल्लीत ते ड्रायव्हरकाका. घर उबदार ठेवणारा हा हीट पंप बसवल्यावर त्यांनी निम्म्या गल्लीला घरी बोलावून समजावून सांगितलं होतं.

"यात जाळ नाही, धूर नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असू दे, त्या थंडीतही थोडी ऊब असतेच. हा पठ्ठ्या ती गोळा करतो आणि दाबून दाबून घरात आणतो. दगडातून पाणी काढावं तशी!"

"म्हणजे माझ्या अंगणातली ऊब तुमच्या घरात," शिलाईबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "आधीच सांगायचं ना काका, मी बाहेर कुलूप लावून ठेवलं असतं."

सगळे हसले होते. सिस्टरही.

कडाक्याची, दमट थंडी सुरू झाली तेव्हा पंपाची दुसरी तऱ्हा दिसली. बाहेरच्या पेटीच्या जाळीवर दुधावर साय धरावी तसा बर्फ धरे. तास-दीड तासाने पंखा थांबे, आत खट्कन काहीतरी वळे, आणि पंप उलटा चालू होई. आत आणलेली ऊब थोडा वेळ बाहेर धाडून जाळी तापवायची, म्हणजे बर्फ सुटतो. पहिल्यांदा वाफेचा लोट उठला तेव्हा आग लागली म्हणून सिस्टर बादली घेऊन धावल्या होत्या. काकांनी त्यांना दारातच अडवलं. "अगं, न्हाऊन निघतोय तो. न्हाणाऱ्या माणसावर कोणी पाणी ओततं का?"

न्हाणं झालं की पाणी पेटीच्या तळाशी जमे आणि नळीने बाहेर पडे. मेकॅनिकने ती नळी भिंतीलगत, खडी भरलेल्या खड्ड्यात सोडली होती. अडचण अशी की त्या खड्ड्याला लागूनच सिस्टरांच्या गुलाबाची तीन रोपं होती. दिवसात पंधरा वेळा गार पाण्याची धार मुळांशी. एक रोप काळं पडलं तेव्हा सिस्टरांनी कोणाला न विचारता नळीचं तोंड दोन विती पलीकडे, बोळाच्या बाजूला फिरवलं. बोळाला उतार होता शिलाईबाईंच्या पायरीकडे.

हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. दुसऱ्याच सकाळी त्यांना पायरीपाशी पातळ बर्फ दिसला. तो विरघळावा म्हणून त्यांनी मूठभर खडेमीठ नेऊन टाकलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही टाकलं. रविवारी मेकॅनिकला बोलावून नळी नीट लांबवून घेऊ, असं मनाशी ठरवलं. तिसऱ्या दिवशी मीठ टाकायचं राहिलं. का राहिलं, हे आठवायचा त्यांनी पुढे खूप प्रयत्न केला. काही कारण नव्हतं. नुसतं राहिलं.

शिलाईबाईंना दवाखान्यात नेलं आणि बोळ रिकामा झाला. सिस्टर परत आल्या. गुडघे टेकून त्यांनी थंडीने कडक झालेली नळी दोन्ही हातांनी पिळून पुन्हा खड्ड्यात घातली. मग उकळत्या पाण्याची किटली आणून ती बर्फाची पट्टी विरघळवली आणि खराट्याने पाणी लोटून दिलं. चोराने पावलं पुसावीत तशी. संध्याकाळी सांगू, असं त्या स्वतःला म्हणाल्या.

संध्याकाळी त्या शेजारी गेल्या तेव्हा शिलाईबाई प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि घरातलं वातावरण आधीच पेटलेलं होतं.

"हिची बादली! रोज सांगते, फरशी पुसलेलं पाणी दारात ओतू नकोस, मोरीपर्यंत जा. पण नाही. बाईसाहेबांना चार पावलं चालवत नाहीत. आता शाळेचे गणवेश कोण शिवणार? ही? हिला सुईत दोरा ओवता येत नाही!"

"आई, मी मोरीतच ओतलं हो," सून म्हणाली. लग्नाला वर्ष झालं होतं तिच्या. "काल तर नक्की मोरीतच."

"मग बर्फ काय आभाळातून पडला?"

तेवढ्यात ड्रायव्हरकाका मागून आले आणि त्यांनी आपली भर घातली. "जाऊ द्या हो. हल्लीच्या मुली, लक्ष नसतं. आमच्या डेपोत असं पाणी सांडणाऱ्याला दिवसभर फडका धरून बसवायचे."

सिस्टरांनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. आता बोलावं तर काका तोंडघशी पडणार, बोळ पुसल्याचं बाहेर येणार. उद्या सांगू. आणि मग निघताना त्यांनी जे केलं ते त्यांना पुढे झोपू देईना. सून दाराशी डोळे पुसत उभी होती. सिस्टरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "होतं गं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस."

तीन आठवडे गेले. बेकरीत, औषधाच्या दुकानात, शाळेच्या फाटकापाशी, जिथे जावं तिथे सुनेच्या बादलीची गोष्ट आधी पोहोचलेली असे. शाळेने अर्धे गणवेश दुसऱ्या शिंप्याकडे दिले. सून रात्रंदिवस काजं घालत बसे, घातलेली उसवी, पुन्हा घाली. एकदा ती सिस्टरांना म्हणाली, "मला वाटतं सिस्टर, मीच ओतलं असेल. घाईत असेन. माणसाला आठवत नाही ना कधी कधी?" सिस्टरांच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या बटाटे वेचत बसल्या.

मग पंप बिघडला. आधी खोल्या कोमट झाल्या, मग गारच. बाहेरून खरखर आवाज यायला लागला. ड्रायव्हरकाका बाहेर जाऊन आले ते तणतणत. "तळाला हातभर बर्फ! पंख्याचं पातं त्याला घासतंय. एक वर्ष नाही झालं. त्या मेकॅनिकला दाखवतो आता, कसलं फिटिंग करतो ते!"

मेकॅनिक दुपारी आला. चाळिशीचा, जाड मोजे घातलेला, बोलायला सावकाश. काकांनी त्याला फाटकातच धरलं. तो ऐकून घेत राहिला. मग त्याने मुख्य स्विच बंद केला आणि पेटीसमोर उकिडवा बसला.

काका हातोडी घेऊन तयार होते. "फोडू का?"

"काका, बस पंक्चर झाली की टायरला चाकू मारायचात का? आत नळ्या आहेत. एक फुटली की गॅस गेला, सगळा खेळ खलास. मावशी, कोमट पाणी आणा. उकळतं नको."

सिस्टरांनी तांब्या-तांब्याने पाणी दिलं. बर्फाचे थर सुटत गेले. मऊ ब्रशने वरून खाली, पत्र्याच्या पात्या न वाकवता, त्याने जाळी साफ केली. घरातलं फिल्टर काढून बघितलं. "हे बरं आहे. महिन्याला धुताय वाटतं. पेटीच्या आजूबाजूलाही मोकळं आहे. मग पाणी अडलं कुठे?" त्याने नळी हातात घेतली, तिच्यावरून बोट फिरवलं, आणि मध्येच थांबला. "इथे मुडपलीय. कोणीतरी पिळलीय ही. पाणी जायला वाटच नाही, म्हणून खालून गोठत वर आलं."

"बसवतानाच मुडपली असेल तुमच्याकडून," काका म्हणाले.

"माझ्याकडून मुडपली असती तर थंडीच्या पहिल्याच महिन्यात बंद पडला असता. आणि हे बघा." त्याने भिंतीच्या पायथ्याशी बोट दाखवलं. वाळलेल्या पाण्याचा पांढुरका ओघळ खड्ड्याकडे नव्हे, बोळाकडे गेला होता. "नळी काही दिवस तिकडे होती."

"उंदीर असेल."

"उंदीर नळी फिरवून परत जागेवर ठेवत नाही, काका."

"हे बघा, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलायची सवय असते कारागिरांना. मी तुमच्या कंपनीत तक्रार—"

"मी हलवली," सिस्टर म्हणाल्या.

काकांना वाटलं, बायको मेकॅनिकची बाजू घेतेय. ते हसले. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला. त्यांची नजर पांढऱ्या ओघळावरून हळूहळू शेजारच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

मेकॅनिक कामाला लागला. नळीचा मुडपलेला तुकडा कापला, नवा जोडला, तोंड खड्ड्यात खोल सोडून वर खडी लोटली. "रोपं हलवा मावशी, नळी नको," एवढंच म्हणून तो गेला.

घरात काका खाटेवर बसले होते. "झालं ते झालं. नळी दुरुस्त झाली. शिलाईबाईंचं मनगटही जुळतंय. आता सांगून कोणाचं भलं होणार? शेजार मात्र तुटेल."

"तुटू दे."

"अगं, मीही बोललो होतो त्या पोरीला. माझं काय?"

"तुमचं तुम्ही सांगा," म्हणून सिस्टरांनी चपला घातल्या.

शेजारी शिलाईबाई डाव्या हाताने कापडावर खडूच्या खुणा करत होत्या. सून मशीनवर होती. सिस्टर बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. रोपं, दोन विती, मीठ टाकलेले दोन दिवस आणि न टाकलेला तिसरा, खराटा, किटली. हॉस्पिटलात ड्यूटी बदलताना रुग्णाची हकीकत सांगावी तसं क्रमाने. मशीन थांबलं होतं.

शिलाईबाईंनी खडू कापडावर ठेवला. "मलाही काय ठाऊक," त्या म्हणाल्या, कोणाकडेच न बघता. "पाण्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं."

"माझं लिहिलंत ना तुम्ही, आई," सून म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. मग ती सिस्टरांकडे वळली. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो."

"माझ्या डोक्यावरून हात फिरवलात तेव्हाही?"

"तेव्हाही."

"त्या दिवशी एकट्या तुम्हीच माझ्याशी नीट बोललात, असं मी माझ्या आईला फोनवर सांगितलं होतं. मला माफ केलंत तुम्ही. न केलेल्या गोष्टीबद्दल."

सिस्टरांनी हात जोडायला उचलले. सून म्हणाली, "ते नको. माझ्या पाया पडून मला काय मिळणार? जिथे जिथे माझी बादली पोहोचलीय तिथे तिथे चला. माझ्यासमोर सांगा."

शिलाईबाई म्हणाल्या, "अगं, त्या वयाने..."

"चला," सिस्टर म्हणाल्या.

बेकरीत संध्याकाळची गर्दी होती. बेकरीवाली बाई गल्लीचं बातमीपत्रच. सिस्टरांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवून सांगितलं की बर्फ त्यांच्या पंपाच्या पाण्याचा होता, बादलीचा नाही.

बेकरीवालीने मान एका बाजूला कलती केली आणि गोड हसली. "कळतंय हो मला. सिस्टर, तुमचं मन मोठं. दुसऱ्याच्या सुनेवर पांघरूण घालायला स्वतःवर आळ घेताय." आणि सुनेला म्हणाली, "नशीब काढलंस हो पोरी, अशी शेजारीण मिळायला."

सुनेने सिस्टरांकडे बघितलं. इथून मान खाली घालून निघता आलं असतं. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि वर नावही झालं होतं.

"मन मोठं नाही माझं," सिस्टर म्हणाल्या. मागच्या दोन गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "मी नळी फिरवली. बर्फ बघितला होता. त्या पडल्यावर मी बोळ पुसला, कोणाला कळू नये म्हणून. ही बोलणी खात होती, आणि मी गप्प होते."

बेकरीवालीचं हसू एकदम गेलं नाही. ओठांवरून उतरायला त्याला वेळ लागला. पावाची पिशवी तिच्या हातात तशीच राहिली.

"म्हणजे इथे तुम्ही रोज येत होतात... आणि मी हिच्याबद्दल बोलत होते तेव्हा..."

"ऐकत होते."

मागच्या गिऱ्हाइकाने एक पाऊल मागे घेतलं, वाट द्यावी तसं. बेकरीवालीने पिशवी सिस्टरांपुढे न करता काउंटरवर ठेवली आणि हात पुसायला लागली.

"आता औषधाचं दुकान," सून म्हणाली. ती पुढे निघाली. दार तिने सिस्टरांसाठी धरलं नाही. ते मागे येऊन जवळजवळ मिटलं होतं. सिस्टरांनी ते खांद्याने लोटलं आणि तिच्या मागोमाग चालू लागल्या.