बानूबाईचे एकतीस हुंकार

दिग्विजयने सीडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "घे. आता कुठे प्रोफेशनल वाटतंय."

आम्ही दोघं हिंजवडीतल्या एकाच कंपनीत होतो. मी टेस्टिंगमध्ये, तो वेब डिझाइनमध्ये. भूगावच्या फ्लॅटमधल्या एका खोलीला त्याने चारी भिंतींवर फोम चिकटवला होता आणि त्या खोलीला तो स्टुडिओ म्हणत असे. त्याच्याकडचं मास्टरिंगचं सॉफ्टवेअर पाऊण लाखाचं होतं. ही किंमत तो सगळ्यांना अभिमानाने सांगायचा, स्वतः एक रुपयाही भरला नसला तरी. कॉपी क्रॅक केलेली होती.

पुण्यातली एक संस्था जिल्ह्यातल्या कथेकऱ्यांची सीडी काढणार होती. मुळशी तालुक्यातून नांद्याच्या म्हसूची धनगरी ओवी निवडली होती. ध्वनिमुद्रण मी केलं होतं. एम. एस्सी.ला ध्वनिशास्त्र हा माझा विषय होता आणि संस्थेचे दयानंद सर माझ्या ओळखीचे होते. मास्टरिंगला, म्हणजे सीडी छापायला देण्याआधी आवाजावर जो शेवटचा हात फिरवायचा त्याला, संस्थेकडे पैसे नव्हते. दिग्विजय म्हणाला, फुकट करतो, फक्त कव्हरवर नाव टाका. दयानंद सर खूश झाले. मीही झाले, हे कबूल करायला हवं.

रविवारी सीडी घेऊन मी नांद्याला गेले. नव्या इमारतींच्या मागे एका पडीक रानात म्हसूची मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसली होती. बानूबाई, त्याची बायको, एका कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मी लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि सीडी लावली.

म्हसू आधी ढोलावर ओवी गातो. मग ढोल बाजूला ठेवून तोच भाग साध्या बोलण्यात, खालच्या आवाजात सांगतो. गाणं संपलं, सांगणं सुरू झालं, आणि म्हसूच्या कपाळावर आठी पडली. सीडीवर तो गाण्याइतक्याच मोठ्या आवाजात बोलत होता, जणू पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाला हाका मारत होता. पण आठी त्यासाठी नव्हती.

"ताई, ह्यो मी कुणाला सांगतूया?"

"म्हणजे?"

"हुंकार कुटं हाय? कुणी हूं म्हनंना, तरी मी आपला बोलतूयाच. येडा हाय का मी?"

मला तेव्हा कळलं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बानूबाई त्याच्या डाव्या हाताला चार फुटांवर बसली होती आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणत होती. एकदा मेंढरू जाळीत अडकलं म्हणून ती उठली, तर म्हसू वाक्याच्या मध्येच थांबला आणि ती परत येऊन बसेपर्यंत गप्प राहिला. हूं म्हणणारं कुणी नसेल तर कथा पुढे जात नाही. तसं सांगणं म्हणजे देवाची कथा वाऱ्यावर सोडणं, असं त्यांच्यात मानतात.

सीडीवर बानूबाई नव्हती. एकदाही नव्हती.

"मला काडून टाकलं व्हय?" ती कोकराकडे बघतच म्हणाली. "बरं केलं. बसून बसून पाय वळलं हुतं माजं."

ती हसली. मला हसू आलं नाही.

"ताई, कागदावर सही मी न्हाई करायचो," म्हसू म्हणाला. "ह्यो मी न्हाईच." संस्थेचा परवानगीचा कागद अजून कोरा होता. सही झाली नाही तर ओवी सीडीत जाणार नव्हती, आणि सीडी पुढच्या सोमवारी छापायला जायची होती.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी दिग्विजयला गाठलं.

"मध्ये एक बाई आहे. ती कुठे गेली?"

"कोण बाई? अच्छा, ते हूं हूं? अगं, तो नॉइज होता. गेट लावला. ठरावीक पातळीच्या खालचं सगळं आपोआप कट."

"ती नॉइज नाही. ती अर्धी कथा आहे."

"जान्हवी, लोक हे गाडीत ऐकणार. सगळं एका लेव्हलला पाहिजे, लाउड पाहिजे. आणि कोणाची तरी बायको मध्ये मध्ये हूं करतेय, हे कोणाला ऐकायचंय?"

"गेट काढून परत कर."

"प्रोजेक्ट फाइल सेव्ह नाही केली गं. आणि फुकटच्या कामात किती राउंड करायचे? तुला एवढं येतंय तर तूच कर. फक्त त्या फुकट टूल्सनी करू नकोस, हसं होईल."

ताटातली भाजी तशीच ठेवून मी उठले. मी कुणावर ओरडत नाही. पण त्या दिवशी जागेवर बसल्यावर मी हेडफोन लावून त्याची सीडी पुन्हा ऐकली. मागच्या वाघरीतल्या मेंढरांचं ओरडणं त्याच्या गेटमधून सुखरूप बाहेर पडलं होतं, कारण ते मोठं होतं. बाई हळू बोलते म्हणून ती गोंगाट, हा नियम त्या यंत्राने केलेला नव्हता. पातळीचा आकडा दिग्विजयने घातला होता, आणि घालण्याआधी ऐकलं नव्हतं.

मी कामाला लागले. मूळ फाइल माझ्याकडे होती. सांगण्यातला चार मिनिटांचा एक तुकडा निवडला आणि हेडफोन लावून हुंकार मोजले. एकतीस. आता प्रत्येक सॉफ्टवेअरला एकच परीक्षा होती: काम झाल्यावर एकतीसपैकी किती उरतात.

पहिलं परदेशी कंपनीचं, तीस दिवसांसाठी फुकट. आवाज छान, पण दर मिनिटाला त्यात आपोआप एक शिट्टी वाजायची. शिट्टी घालवायची तर माझा महिन्याचा पगार. दुसरं फुकट, पण एका बटणावर "लोकसंगीत" असं लिहून ठेवलेलं आणि त्यामागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. बटण दाबलं, एकवीस उरले. लोक कुठले आणि संगीत कुठलं, हे त्या बटणाला कुणी सांगितलं होतं देव जाणे. तिसरं मुक्त सॉफ्टवेअर, दिसायला ओबडधोबड, पण त्यातला प्रत्येक आकडा उघडा होता. मी ते घेतलं.

आणि त्यात माझी चूक झाली. पाठीमागची खरखर कमी करायची तर त्या सॉफ्टवेअरला आधी खरखरीचा नमुना द्यावा लागतो, जिथे कुणी बोलत नाही असा एखादा सेकंद. मी म्हसूच्या दोन वाक्यांमधली जागा दिली. शांत वाटली म्हणून. निकाल ऐकला आणि मोजलं: चार.

नमुना पुन्हा ऐकला. त्या शांत जागेत बानूबाईचा हूं होता. भौतिकशास्त्र शिकलेल्या मी, दिग्विजयवर सोमवारपासून धुमसणाऱ्या मी, माझ्या हाताने त्या यंत्राला सांगितलं होतं की ही बाई म्हणजे खरखर. आता रागवायला दुसरं कुणी नको होतं, मी स्वतःच पुरेशी होते.

मग मी नमुना बदलला. सुरुवातीला म्हसू भंडारा कपाळाला लावतो, तेव्हा अकरा सेकंद खरंच कुणी काही बोलत नाही. ते दिले, आणि खरखर निम्मीच काढली. गाणं मोठं ठेवलं, सांगणं खाली ठेवलं. मोजलं: एकतीस.

शनिवारी दयानंद सर सहीसाठी स्वतः नांद्याला आले. मी आधीच पोचले होते. दोन्ही सीड्या त्यांच्या गाडीत वाजवल्या.

"जान्हवी, तुझी हळू वाजते. मागे खरखरही आहे. दिग्विजयची कशी भरभक्कम!"

"सर, त्यात बानूबाई नाहीत."

"त्यांचं गाणं कुठेय यात? कलाकार म्हसूच ना?" त्यांनी कागद बॉनेटवर पसरला. "ही बघ, नावाला ओळही एकच आहे."

"सर, चार मिनिटांत एकतीस वेळा त्या हूं म्हणतात. तुम्ही पाठवलेल्या यंत्रावर मुद्रित झालेत ते. तुम्ही ते न ऐकता कथेकऱ्यांची सीडी काढताय?" माझा आवाज चढला होता. दयानंद सरांनी मला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

म्हसूने गाडीचं दार उघडलं. "सायब, खाली या. बसा हितं." त्याने खाट दाखवली आणि समोर उकिडवा बसला. बानूबाई उठून वाघरीकडे गेली.

"बिरोबा निगाला रानानं," म्हसूने सुरू केलं. "म्होरं व्हडा आला."

थांबला. दयानंद सर बघत राहिले. म्हसूही बघत राहिला. वाघरीतलं एक मेंढरू खोकलं.

"मग पुढे?" सरांनी विचारलं.

म्हसूने नुसतं बघितलं.

"काय झालं? पुढे सांगा ना."

"कुणाला सांगू?"

सर गोंधळून माझ्याकडे वळले. मी म्हसूच्या डाव्या हाताच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. शेवटी ते खाटेवर जरा पुढे सरकले आणि घसा साफ करून, शाळेत उत्तर चुकेल अशा भीतीने म्हणावं तसं, म्हणाले, "हूं."

"व्हड्याला पानी लई," म्हसू लगेच म्हणाला.

"हूं."

"देव काठाला बसला."

"हूं..." आणि सर थांबले. त्यांनी खिशातून पेन काढलं. एका ओळीवर म्हसूचं नाव लिहिलं आणि तिच्या खाली, समासात, अक्षरं बारीक करून बानूबाईचं.

"समासात का?" मी विचारलं.

"जागा कुठेय गं?"

"वर आहे. संस्थेच्या नावाच्या बाजूला. तिथे बोटभर कोरं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. बानूबाई जाळीपाशी उभी होती. "लिवा कुटंबी," ती म्हणाली, "पर ह्येंची ष्टोरी अर्दी ऱ्हायली, ती आदी पुरी करा. देव व्हड्याकाठी बसवून ठेवलाय तुमी."

सरांनी समासातलं नाव खोडलं आणि वर लिहिलं. बानूबाई येऊन म्हसूच्या डाव्या हाताला बसली. त्याने कथा तिथूनच उचलली.

कथा संपल्यावर म्हसूने सही केली आणि सोमवारी माझी सीडी छापायला गेली. मास्टरिंग म्हणून कव्हरवर नाव मात्र दिग्विजयचं आलं. कव्हर आधीच छापून झालं होतं, असं दयानंद सर म्हणाले.