माझा जळलेला एक इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, शिंप्याच्या गळ्यात असते ती, मापाची. आणि आधीच सांगून ठेवते, मी डूख धरणारी आहे. आपली कहाणी सांगता सांगता जुन्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात, तसलं माझ्याकडून काही ऐकायला मिळणार नाही. माझा अपमान झाला आणि मी त्याचं उट्टं काढलं. कसं, ते ऐका.

एका कारखान्यात मेणकापडाच्या पट्टीवर साठ इंच छापून माझा जन्म झाला. दोन्ही टोकांना पितळी पत्रा होता. दुकानात आम्ही दहाजणी लटकत होतो. एक शिंपी मास्तर आले, त्यांनी खिशातून लाकडी फूटपट्टी काढली, एकेकीला तिच्यावर ताणून बघितलं आणि मला उचललं. बाकीच्या नऊजणींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मास्तरांच्या गळ्यात माझी पहिली पाच वर्षं थाटात गेली. मग धाकटीचा जन्म झाला. सुइणीचा निरोप आला तशी मास्तरांनी हातातली तापलेली इस्त्री ठेवली ती थेट टेबलावर पडलेल्या माझ्यावर, आणि धावत सुटले. मुलगी झाल्याच्या आनंदात परत आले तेव्हा दुकानभर करपट वास कोंदला होता. माझा पहिला इंच पितळी टोकासकट गेला होता. तेव्हापासून माझी सुरुवात शून्यापासून होत नाही, एकपासून होते.

मास्तरीणबाई म्हणाल्या, नवी आणा. मास्तर बराच वेळ माझं काळं टोक बोटानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "राहू दे हीच. ही गळ्यात असली की मला दर वेळी बघावं लागेल."

आणि खरंच, ते दर वेळी बघत. गिऱ्हाइकाचं माप घेताना थांबत, श्वास घेत, मोठ्यानं "एक वजा" म्हणत आणि मगच आकडा वहीत लिहीत. कापड बेतताना तसंच थांबून "एक अधिक" म्हणत आणि खडूची रेघ ओढत. गिऱ्हाइकं हसायची. धाकटी चार वर्षांची असताना दाराला पाठ लावून उभी राहायची, माझ्याकडून उंची मोजून घ्यायची आणि आधी स्वतःच ओरडायची, "एक वजा!" मास्तरीणबाई गेल्या, त्यानंतर मास्तर पहिल्यांदा दुकानात बसले त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पण माप घेताना तेवढे दोन शब्द ते म्हणालेच. चोवीस वर्षांत एक कपडा बिघडला नाही.

मग मास्तरांची नजर अधू झाली, हात कापायला लागला आणि दुकान त्यांच्या थोरल्या मुलाकडे आलं. गल्लीत त्याचं नाव पडलं होतं 'झालंच'. पॅन्ट कधी मिळेल? झालंच. बटण लावलं का? झालंच. हा प्राणी कधीच एका जागी नसायचा. पाय मशीनवर, कान फोनवर, डोळे रस्त्यावर आणि डावा हात चहाच्या कपाच्या शोधात. एकदा त्यानं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि गिऱ्हाइकालाच विचारलं, तुमचा हात असाच आहे का.

त्यानं नवी टेप आणली. पिवळीधमक, डबीत राहणारी, बटण दाबलं की सर्रकन आत पळणारी. माझं नाव त्यानं ठेवलं 'थोटी'. माझ्या अंगानं चिंध्यांची गाठोडी बांधली, मशीनचं तेल पुसलं, वाऱ्यानं आपटणारी खिडकी बांधून ठेवली. अशा वेळी तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला तळपाय नाही आणि मस्तक आधीच जळलेलं, तरी गेली! खिडकीला लटकत मी मनात खूणगाठ बांधली, बेट्या, एक ना एक दिवस तू न बघता मला हातात घेशील. तेव्हा मी तुला पाणी पाजीन.

तो दिवस आला. खिडकीवरून सुटून मी खुंटीवर आले होते. थोरल्यानं पिवळीनं घेतलेलं माप समोरच्या वहीत होतं, टेबलावर काळं लोकरी कापड पसरलं होतं आणि फोनवर कुठल्याशा सामन्याची चर्चा रंगली होती. पिवळी कापडाच्या ढिगात कुठेतरी गडप झालेली. त्यानं मान वाकडी करून फोन खांद्याशी धरला, हात मागे नेला आणि मला ओढलं.

मित्रांनो, मला काहीच करावं लागलं नाही. मी फक्त गप्प बसले. माझा पहिला इंच जळलेला आहे हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. पण त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. छातीचे चार तुकडे बेतले, प्रत्येक एक इंचानं कमी. बाह्या आखूड. शिवणीसाठी जादा कापडाची माया सोडतात, तीही कंजुषाची. कात्री चालली आणि मी आतल्या आत अशी खूश झाले की विचारू नका. घे लेका, एका इंचाचे चार झाले! आता गिऱ्हाइकासमोर नाक घास.

कापडाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तीन दिवसांनी कोट घालून बघायला आली ती धाकटी. ती वकील झाली होती आणि सोमवारी पहिल्यांदा कोर्टात उभी राहणार होती. मास्तरीणबाईंनी ती कॉलेजात गेली तेव्हाच कोटाचं कापड घेऊन ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलं होतं. बरोबर एका कोटापुरतं. आई नसली तरी पहिल्या दिवशी आईचा कोट अंगावर असणार, या एका गोष्टीवर ती पोर परीक्षा देत आली होती.

तिनं कोट चढवला. बटणं काजापर्यंत पोचेनात. तिनं श्वास रोखून पुन्हा ओढून बघितलं, मग हात खाली सोडले.

"दादा, हे आईचं कापड होतं," एवढंच ती म्हणाली.

मास्तर उठले. त्यांनी कोटाच्या बाह्या, बगला चाचपल्या आणि विचारलं, कशानं बेतलंस. थोरल्यानं खुंटीकडे बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण लगेच माझ्यावर उलटला, म्हणाला ही टेपच खोटी आहे, आजच फेकून देतो.

"तिनं तुला खोटं सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाले. "तू तिला विचारलंच नाहीस."

थोरला धाकटीपुढे हात जोडून उभा राहिला. हेच बघायला मी वर्षभर जीव धरून होते. आणि आता बघवत नव्हतं. लक्ष द्या, लक्ष द्या म्हणून मिरवणारी मी, रागाच्या भरात आपण कुणाच्या कापडावर पसरलो आहोत हे मीही बघितलं नव्हतं.

नशिबानं टेबलाखालच्या चिंध्या झाडायच्या राहिल्या होत्या. बगलेखाली पट्ट्या घालायच्या आणि मनगटाला जोड द्यायचा असं मास्तरांनी ठरवलं. थोरल्यानं फोन खणात टाकला, गुडघ्यांवर बसून काळे तुकडे गोळा केले आणि मला दोन्ही हातांनी धरलं.

"मोठ्यानं म्हण," स्टुलावरून मास्तर म्हणाले.

"एक अधिक."

दुपारभर खणात फोन वाजत होता. एकदाच थोरल्याचे डोळे तिकडे वळले. नजर अधू असूनही मास्तरांना ते कसं कळलं कोण जाणे, पण ती रेघ त्यांनी पुसून पुन्हा ओढायला लावली. मला पुन्हा दगा देता आला असता, असं समजू नका. जो बघतो त्याला मी दगा देऊच शकत नाही.

सोमवारी धाकटी आईचा कोट घालून कोर्टात गेली. समोरून काही कळत नाही. हात वर केला की बगलेखालचा जोड दिसतो. ती म्हणते, एवढं कोण बघतंय. कोट इस्त्रीला आला की मी बघते.

थोरल्याला मात्र मी सोडलेलं नाही. आता मी रोज त्याच्या गळ्यात असते. प्रत्येक गिऱ्हाइकासमोर त्याला थांबावं लागतं, श्वास घ्यावा लागतो आणि मोठ्यानं ते दोन शब्द म्हणावे लागतात. गल्लीनं त्याचं नाव बदलून 'एक वजा' ठेवलं आहे, आणि ते ऐकलं की माझ्या जळक्या टोकाला अजून गारवा वाटतो.

तर मित्रांनो, कप असो, कात्री असो, दाराची कडी असो, हातात घ्याल तेव्हा एकदा तिच्याकडे नीट बघा. आम्ही वस्तू कुणाचं काही वाकडं करत नाही, फक्त गप्प बसतो. त्यात कुणाचं कापड जाईल, ते तुम्हालाही ठाऊक नसतं आणि आम्हालाही.

आणि इतकं सांगूनही नाही बघितलंत, तर मी आहेच.