गवत्यांची तपासणी

आमच्या मत्स्यबीज केंद्रात तळ्यातलं तण खाणारे गवत्या मासे मिळतात. ते मुद्दाम वांझ केलेले असतात, नाहीतर त्यांची पिल्लावळ तळ्यात हिरवं पान शिल्लक ठेवणार नाही. विकण्याआधी प्रत्येकाचं रक्त तपासायचं, हे माझं काम.

त्या दिवशी दारात माझी पहिली सासू उभी! मूल होत नाही म्हणून मला घराबाहेर काढणारी हीच. मागे नवी सून, मान खाली घालून. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला सुया टोचल्याचे काळेनिळे डाग होते. मूल होण्यासाठीच्या तपासण्यांचे तसले डाग मीही अंगावर वागवलेत. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तळं तणानं भरलंय. मासे हवेत," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. मला ओळखलं होतं, पण दाखवतील कशाला?

मनात आलं, सरळ हाकलून द्यावं. पण इतक्या वर्षांचं उट्टं तेवढ्यानं निघणार नव्हतं.

"नक्की वांझच आहेत ना?" त्यांनी विचारलं. त्या घरात मला जेवणाआधी हा शब्द वाढला जायचा.

"नक्की," माशाच्या शेपटीत सुई घालत मी म्हणाले. "इथं प्रत्येकाची तपासणी होते. नर आहे म्हणून कुणाला सोडत नाही."

सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "टोमणे कुणाला मारतेस गं? माझ्या घरात नांदलीस, पण पाळणा काही हलला नाही!"

सुनेनं मान वर केली. "म्हणजे ह्याच त्या? ताई, तुमच्या वेळी आमच्या ह्यांची तपासणी झाली होती?"

"तेवढंच विचारलं होतं मी. दुसऱ्या दिवशी माझी बॅग दाराबाहेर."

"काही ऐकू नकोस तिचं! दोष हिच्यातच होता."

मी मोबाइलमधला फोटो दोघींसमोर धरला. "ही माझी मुलगी, दुसऱ्या लग्नातली. शाळेत जाते. आणि मांडीवर आहे तो तिचा भाऊ."

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

सुनेनं पर्स खांद्याला लावली. "आई, मासे तुम्ही घ्या. मी माहेरी चालले. तुमच्या मुलाची तपासणी झाली, की त्यांना मला न्यायला पाठवा." आणि खरंच निघून गेली.

मी सासूबाईंकडे वळले.

"बोला," मी म्हणाले, "किती मासे देऊ?"