दावा क्रमांक सतरा

वाळक्या केळीच्या पानात गुंडाळलेली, खोडाच्या सोपटाच्या दोरीनं करकचून बांधलेली सुकेळी, उन्हात वाळवलेली पिकली केळी... टेबलावरच्या कागदांवर, पंख्याच्या वाऱ्याला दाब म्हणून ठेवल्यासारखी. आणि गाठ काकांच्या हातची. दोरी डावीकडून वळवून टोक आत खुपसायचं, बाहेर लोंबू द्यायचं नाही – अख्ख्या सांडोर गावात अशी गाठ दुसरं कुणी मारत नसे. असाच एक पुडा परवापासून विरारला भाविकाच्या फ्रिजवर पडून होता. तिनं तो सोडलाही नव्हता.

दयाराम काकांची सुकेळी उगीच कुणाकडे जात नाहीत, हे त्यांच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. ती तलाठ्याकडे जातात, वाडीतल्या पंपाचा मीटर अडला की वीजवाल्या साहेबाकडे जातात. काका कुणाला पैसा चारणार नाहीत, तत्त्वाचा माणूस; पण जिथे काम अडलंय तिथे पुडा पोचलाच म्हणून समजा. म्हणून परवा काकांचा प्रीतम दारात उभा राहिला, ‘बाबांनी दिलीत, सहज’ म्हणाला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. सहज? काकांचं माझ्याकडे काय अडलंय? – आणि आता तसाच पुडा इथे, वसई रोडच्या या ऑफिसात.

समोर मोकाशी बसले होते. निवासी क्रीडा प्रबोधिनीचं दिवाळं निघालं आणि न्यायाधिकरणानं तिचा कारभार या माणसाच्या हाती दिला. बँक, पगार थकलेले शिक्षक, किराणावाले, भाजीवाले, सगळ्यांनी आपापले दावे लावले. आणि त्याच रांगेत, अगदी शेवटी, त्या मुली – आता बायका झालेल्या – ज्यांना तिथल्या सरांनी... भाविका हे वाक्य मनातसुद्धा इथेच सोडून द्यायची. तेव्हा ती आठवीत होती. नावं गुप्त ठेवायची म्हणून मुलींना नंबर दिले होते. ती सतरा. मोकाशी सगळ्याला एकच शब्द वापरत, ‘नुकसान’. बँकेचं नुकसान, तिचंही नुकसान.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, उठून स्वतः दार लावलं. इतकी अदब कशासाठी? बाकी सगळ्या मुलींनी सह्या केल्यात, ते सांगत होते, तुमच्या जीनानंसुद्धा. जीना वसईजवळच्या होळी गावची, वसतिगृहात तिच्या शेजारच्या कॉटवर असायची. दावा लाव म्हणून मागे लागलेली तीच. एक सही राहिली म्हणून सगळ्यांचंच अडलंय. सही केली की भरपाई, आणि प्रकरण मिटलं; पुन्हा कुणी कुणाला काही विचारायचं नाही, कोर्टात नाही, पोलिसांत नाही. हे शेवटचं ते जरा भरभर बोलले. तिनं ते बरोबर टिपलं. सरांचं नाव एकदा तरी मोठ्यानं, कुणासमोर तरी घ्यायचं होतं तिला. सही केली तर ते तोंडातल्या तोंडात राहणार होतं.

“ही सुकेळी कुणी दिली?” तिनं विचारलं.

मोकाशी हसले. “आमचे एक भाजीवाले आहेत. साधा माणूस. म्हणाले, सतरा नंबर आमच्याच घरातला, सही होऊन जाईल, मी शब्द देतो.” आणि मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

काकांना नंबर कसा कळला, हे कोडं नव्हतं. तिच्या आधारकार्डावर अजून माहेरचाच पत्ता, दाव्याचा कागदही तिथेच गेला असणार. आणि आळीतलं सगळं टपाल काकांच्या ओटीवर येतं, थोरले म्हणून तेच फोडतात. विहिरीच्या पाण्याची पाळी असो की पोरीची सोयरीक, घरचा शब्द काका देतात. तसाच हाही देऊन टाकला. प्रबोधिनीला भाजी तेच पुरवायचे, त्यांचंही येणं थकलंय... म्हणजे तिच्या सहीवाचून त्यांचंही अडलंय. एवढंच असेल. एवढंच असू दे, देवा.

सही न करता, तडजोडीच्या मसुद्याची प्रत घेऊन ती स्कूटरवर बसली आणि विरारला जायच्या ऐवजी सांडोरला वळली. कुठेतरी पाणी मुरत होतं. आठवीत काकांचा टेम्पो रोज सकाळी थेट मैदानात यायचा, हॉर्न वाजायचा, काका तिला हाक मारून हातात एक राजेळी केळं ठेवायचे. मुली तिला केळेवाली म्हणून चिडवायच्या. नाताळची सुट्टी संपली आणि टेम्पो मागच्या दारानं यायला लागला. हॉर्न नाही, हाक नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, आपणच काहीतरी घाण केलंय, काकांना ते कळलंय. इतकी वर्षं तिनं तो टेम्पो आठवलाच नव्हता. का नाही आठवला?

काका वाडीत केळींना टेकू लावत होते. म्हातारे झाले होते, पाठीत वाकलेले. टेकू धरायला तिचा हात आपसूक पुढे झाला, त्याचा तिला रागही आला. त्यांनी विषय स्वतःच काढला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाले, नवऱ्याचं घर आहे, उगाच चव्हाटा कशाला.

“काका, नाताळानंतर तुम्ही मागच्या दारानं का यायला लागलात?”

त्यांनी कुठला नाताळ, कुठलं दार, असं विचारलं नाही. हातातला बांबू नीट रोवला, माती पायानं दाबली.

“मागचं दार चुलीला जवळ पडायचं, बाय. पाटी उतरवायला बरं.”

खरंच असेल. पडतही होतं जवळ. मग इतक्या वर्षांपूर्वीचं दार यांना इतकं चटकन कसं आठवलं? काका घरात चहा सांगायला गेले, जरा घाईनंच, आणि तिनं तिथेच उभ्या उभ्या तो मसुदा पर्समधून काढला. ऑफिसात तिनं त्यात फक्त सरांना शोधलं होतं. आता सगळं वाचलं. सही करणारी व्यक्ती यापुढे मुक्त करते – संस्थेला, संचालकांना, कर्मचाऱ्यांना, कंत्राटदारांना, पुरवठादारांना...

पुरवठादार.

सरांनी काय केलं याबद्दल तिला कधी शंका नव्हती, ते तिला ठाऊकच होतं. काकांनाही ते तेव्हाच कळलं असेल, हे ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक व्हायच्या आधीच कुणीतरी तिच्या वतीनं माफ करून ठेवलं होतं. तिला काकांचा राग येईना, माया येईना. दोन्ही आपल्या हाताशी हवीत, काय करायचं ते मी ठरवीन, एवढंच तिला जिवाच्या आकांतानं वाटत होतं.

ओटीवरून काकांनी विचारलं, झालं का वाचून. तिला वाटलं, हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकतेय, आणि यापुढे प्रत्येक वेळी असाच, कान देऊन, ऐकावा लागणार.

“वाचतेय अजून,” ती म्हणाली.